ईसीएचएलचं बोलावणं आलंय, मुलाला पाठवावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर तुम्ही सांगाल. तुम्ही मूळच्या नाशिकच्या, आता कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला असता. मुलगा 21 वर्षांचा, आइस हॉकी खेळतो, डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेचा आक्रमक. ओएचएल या ओंटारिओच्या ज्युनिअर लीगमधला त्याचा शेवटचा, म्हणजे ओव्हरएज हंगाम नुकताच संपलाय. एनएचएल या सर्वोच्च लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ तरुण खेळाडूंवर हक्क सांगतात त्या निवडीत, त्याचं नाव आलं नाही. आता अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका ईसीएचएल, म्हणजे एनएचएलच्या दोन पायऱ्या खालच्या लीगमधल्या, संघाच्या कोचचा फोन आलाय: ऑक्टोबरच्या कॅम्पला ये, टिकलास तर आठवड्याचा पगार आणि राहायला घर. दुसरीकडे ओंटारिओतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळालाय आणि तिथला हॉकी कोचही त्याला घ्यायला उत्सुक आहे. एजंटचं म्हणणं, ईसीएचएल म्हणजे एनएचएलपासून दोन फोनांच्या अंतरावर. आणि तुम्ही विचारताय, तो एनएचएलपर्यंत पोचेल का, आणि पोचणार नसेल तर ही चार-पाच वर्षं फुकट जातील का.

पहिल्या भागाचं उत्तर मला देता येणार नाही. मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही, आणि मी कोचही नाही. मी मूळचा सांगलीचा. फिजिओथेरपी शिकलो, मग अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स केलं, आणि दोन हंगाम एसपीएचएल या आणखी खालच्या लीगमध्ये व नऊ हंगाम ईसीएचएलमध्ये संघाचा ट्रेनर म्हणून काम केलं. खेळाडू निवडणं माझ्या हातात नव्हतं. मी त्यांचे घोटे बांधायचो, टाके घालायला त्यांना डॉक्टरकडे न्यायचो, आणि संघाने सोडून दिल्यावर त्यांची बॅग गाडीत टाकायला हात लावायचो. त्यामुळे ही कारकीर्द कुठे सुरू होते यापेक्षा ती कशी संपते, हे मी जवळून पाहिलंय. तिथूनच बोलतो.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ‘हॉकी की शिक्षण’ हा नाहीच. दोन्ही होऊ शकतं. प्रश्न आहे, आधी काय. कारण यातलं एक दार बरीच वर्षं उघडं राहतं आणि दुसरं लवकर बंद होतं, आणि घरातले सगळे नेमकं उलटं समजून बसलेले असतात. मुलाला वाटतं, आत्ता प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, झालो नाही तर पुन्हा कुणी विचारणार नाही. विद्यापीठ काय, कधीही करता येईल. माझा अनुभव बरोबर याच्या विरुद्ध आहे.

ते का, हे समजायला आधी पायऱ्या बघू. वर एनएचएल, 32 संघ. तिच्याखाली एएचएल, तिथेही 32, म्हणजे एनएचएलच्या प्रत्येक संघाचा एक एएचएल संघ. त्याखाली ईसीएचएल, तीसच्या आसपास संघ. आणखी खाली एसपीएचएल आणि एफपीएचएल. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एएचएलला रणजीच्या जवळपास म्हणता येईल. ईसीएचएलला आपल्याकडे नेमकी उपमा सापडत नाही. तिथे एकाच ड्रेसिंग रूममध्ये तीन तऱ्हेचे खेळाडू बसतात. काहींचा करार थेट एनएचएल संघाशी असतो. ते खेळायला, अनुभव घ्यायला खाली पाठवलेले असतात. काहींचा करार एएचएल संघाशी असतो. आणि उरलेल्या बहुतेकांचा फक्त ईसीएचएल संघाशी. तिघंही एकाच बसने जातात, एकच पिझ्झा खातात, पण त्यांचे पगार आणि त्यांची भविष्यं अगदी वेगळी असतात.

एजंटच्या त्या ‘दोन फोनां’कडे या नजरेने बघा. 1988 साली ईसीएचएल सुरू झाल्यापासून तिथे खेळलेले सातशेहून जास्त खेळाडू पुढे एनएचएलमध्ये खेळले, हे खरंच आहे. जोनाथन क्विक रेडिंगच्या संघातून गेला आणि 2012 च्या प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ब्रेडन होल्टबी साउथ कॅरोलायनातून गेला. जॉर्डन बिनिंग्टन कॅलमाझूत खेळून गेला आणि 2019 मध्ये त्याने सेंट लुईसला एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकून दिला. एजंट हीच नावं सांगतात. पण तिघंही गोली, म्हणजे गोलरक्षक, आहेत, आणि तिघांनाही एनएचएल संघांनी आधीच ड्राफ्ट केलेलं होतं. वरच्या संघाला त्यांच्यात गुंतवणूक होती म्हणून त्यांना खाली ठेवून खेळवलं गेलं. तुमच्या मुलासारखे, म्हणजे ड्राफ्ट न होता स्वतःच्या बळावर ईसीएचएलमध्ये येऊन वर गेलेले, वेगळे. ॲलेक्स बरोज आहे. तो ग्रीनव्हिल, बॅटन रूज, कोलंबिया असं करत मॅनिटोबाच्या एएचएल संघात आणि तिथून व्हॅन्कुव्हरला पोचला. डेव्हिड डेहार्ने आहे, अगदी लहान चणीचा. 2007-08 मध्ये सिनसिनाटीला ईसीएचएलचा केली कप जिंकून दिला, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि मग माँट्रियलने त्याला घेतलं. ही उदाहरणं खरी आहेत, मला ती फार प्रिय आहेत. पण ती इतकी वर्षं सांगितली जातात याचं कारणच हे की अशी फार नाहीत.

तुम्ही लिहिलंय की मुलगा अर्शदीप बेन्सचं उदाहरण देतो. कॅनडातल्या सरीचा पोरगा, ड्राफ्ट न झालेला, आपल्यासारख्याच घरातला. बेन्सची वाट मात्र नीट बघा. 2021-22 च्या हंगामात तो डब्ल्यूएचएल या पश्चिमेकडच्या ज्युनिअर लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण मिळवणारा खेळाडू होता. त्या जोरावर व्हॅन्कुव्हरने त्याच्याशी थेट एनएचएलचा करार केला, तो एएचएलमध्ये ॲबट्सफर्डला गेला, आणि 2025 मध्ये त्या संघाने एएचएलचा काल्डर कप जिंकला. त्याच्या वाटेत ईसीएचएल नव्हतीच. म्हणजे हे उदाहरण ‘ड्राफ्ट झाला नाही तरी चालतं’ एवढंच सिद्ध करतं, ‘ईसीएचएलमधून वर जाता येतं’ हे नाही. मुलाला हे शांतपणे समजावून सांगा. तो नाराज होईल, पण त्याला ते पटेल असं वाटतं.

आता मुद्द्याचा आकडा: 260.

ईसीएचएलमध्ये ज्याने हंगाम सुरू होण्याआधी 260 किंवा त्याहून जास्त प्रो सामने खेळलेले असतील तो ‘व्हेटरन’ धरला जातो, आणि एका सामन्यात संघाला असे चारच व्हेटरन खेळवता येतात. गोलींना हा नियम लागू नाही. एएचएलमध्येही याच धर्तीचा नियम आहे: गोली सोडून सामन्यात उतरणाऱ्या 18 जणांपैकी 13 जण ‘घडणारे’ खेळाडू असावे लागतात, त्यातल्या 12 जणांचे प्रो सामने 260 च्या आत आणि एकाचे 320 च्या आत. हेतू चांगला आहे, नव्या मुलांना जागा मिळावी. पण याचा दुसरा अर्थ असा की प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर एक घड्याळ टांगलेलं असतं, आणि ते वयावर चालत नाही, प्रो सामन्यांवर चालतं.

ईसीएचएलचा हंगाम 72 सामन्यांचा. दुखापती, बाहेर बसणं धरलं तर एखादा नियमित खेळाडू वर्षाला साठेक सामने खेळतो. म्हणजे चार-सव्वाचार हंगामांत 260. मुलगा 21 व्या वर्षी गेला तर 25-26 व्या वर्षी तो व्हेटरन होणार. तोवर तो संघातल्या पहिल्या चारांत बसण्याइतका चांगला झाला नसेल तर त्याला कुणी घेणार नाही. खेळ बिघडला म्हणून नाही, कागदावरचा आकडा वाढला म्हणून.

हे मी अनेकदा पाहिलंय, पण एक जण विसरत नाही. मॅनिटोबाकडचा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, नाव सांगत नाही. फेसऑफ (खेळ सुरू होताना पक मिळवणं) जिंकण्यात आणि पेनल्टी किलिंगमध्ये (आपला खेळाडू कमी असताना बचाव करण्यात) आमच्याकडे त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. सराव संपल्यावर शेवटी बर्फावरून उतरणारा तोच. 26 व्या वर्षी तो व्हेटरन झाला. कोचकडे चार व्हेटरन आधीच होते, दोघे गोल मारणारे, एक कॅप्टन, एक पॉवर प्लेवरचा, म्हणजे समोरच्यांचा खेळाडू कमी असताना उतरणारा, बचावपटू. पाचव्याला जागाच नव्हती. एका मंगळवारी सकाळी त्याला ऑफिसात बोलावलं. संध्याकाळी मी त्याच्या गाडीत स्टिक्स चढवायला मदत करत होतो. तो मला म्हणाला, "खेळ तर आत्ता कुठे कळायला लागलाय." त्याने बारावीनंतर काहीही शिक्षण घेतलेलं नव्हतं. ज्युनिअरमधून मिळालेली शिक्षणाची रक्कम वापरायची मुदत कधीच संपली होती.

आता विद्यापीठाकडे बघा. कॅनडातल्या विद्यापीठांच्या यू स्पोर्ट्सचे सामने, किंवा अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या एनसीएएचे सामने, हे प्रो सामने नाहीत. तिथे चार वर्षं खेळून मुलगा 25 व्या वर्षी ईसीएचएलमध्ये आला तर त्याचं घड्याळ शून्यावर असतं. कोचच्या दृष्टीने तो पिकलेला, अंगाने भरलेला, डोकं शांत असलेला ‘रूकी’, म्हणजे नवखा, असतो, आणि व्हेटरनची जागा अडवत नाही. कोचना अशी मुलं फार आवडतात. दरवर्षी मार्च आला की विद्यापीठांचे हंगाम संपायचे आणि आमच्या ड्रेसिंग रूममध्ये दोन-तीन नवे चेहरे दिसायचे, शेवटची परीक्षा तोंडावर असलेले किंवा नुकतीच आटोपलेले. पाच-सहा सामने खेळायचे, कोच बघायचा, आणि पुढच्या हंगामाचं बोलणं तिथेच व्हायचं. हे दार पंचविशीत उघडं असतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

उलट दिशेचं काय? ओएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च मिळतो, हे तुम्हाला माहीत असेलच. ती रक्कम कायम पडून राहत नाही. तिला मुदत असते, अटी असतात, आणि प्रो करारावर सही केली तर ती धोक्यात येऊ शकते. तुमच्या मुलाच्या करारात नेमकं काय लिहिलंय ते काढून वाचा, आणि ओएचएलच्या ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर मागा. फोनवरचं बोलणं धरू नका. एनसीएएचंही असंच. ऑगस्ट 2025 पासून ओएचएलमध्ये खेळलेल्या मुलांना तिथे दार उघडलंय, आधी ते बंदच होतं. पण ईसीएचएलचा करार करून सामने खेळलात की ते दार बहुतेक बंद झालं असं समजा. प्रो होण्यातून मागे फिरता येतं, पण फिरल्यावर जागा तीच राहत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मुलांच्या लक्षातच येत नाही: तारखा. विद्यापीठ सप्टेंबरात सुरू होतं, ईसीएचएलचा कॅम्प ऑक्टोबरात. त्याच पंधरवड्यात एनएचएलच्या कॅम्पमधून गाळलेले एएचएलमध्ये उतरतात, एएचएलमधून गाळलेले ईसीएचएलमध्ये. ऑगस्टमध्ये ज्या कोचच्या यादीत तुमचा मुलगा तिसऱ्या लाइनचा, म्हणजे आळीपाळीने उतरणाऱ्या तिसऱ्या तुकडीचा, विंगर असतो, त्याच कोचकडे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरून चार फॉरवर्ड येतात. कोच खोटं बोललेला नसतो. त्याच्या हातात ते नसतं. पण तुमचा मुलगा घरी परत येतो तेव्हा विद्यापीठाचं सत्र सुरू होऊन महिना झालेला असतो, आणि तो दोन्हीकडून सुटतो. माझ्या नऊ कॅम्पांपैकी एकही असा गेला नाही की असं कुणाचं तरी झालं नाही.

पैशांबद्दल तुम्ही संकोचून विचारलंय, संकोच नको. माझ्या शेवटच्या हंगामांत नवख्याचा किमान पगार आठवड्याला 500 ते 550 डॉलरच्या घरात होता, कर कापायच्या आधी. हंगाम साधारण 26 आठवड्यांचा, म्हणजे वर्षाचे तेरा ते सव्वाचौदा हजार. उन्हाळ्यात पगार नाही. घर संघाकडून असतं, सामान असलेलं अपार्टमेंट, दोघं-तिघं मिळून. स्टिक, हातमोजे, हेल्मेट संघ देतो, आणि एका चांगल्या काँपोझिट स्टिकला तीनशेच्या वर मोजलेल्या तुमच्यासारख्या पालकांना त्याचं मोल मी सांगायला नको. प्रवासात जेवणाचा भत्ता मिळतो. एकटा, कर्ज नसलेला मुलगा यात निभावतो. शिल्लक मात्र पडत नाही. एनएचएलचा किमान पगार 2025-26 पर्यंत वर्षाला 7,75,000 डॉलर होता. दोन फोनांचं अंतर हेही असतं. उन्हाळ्यात बहुतेक मुलं लहानांची हॉकी शिबिरं घेतात, कुणी बांधकामावर जातं, कुणी गोल्फच्या मैदानावर गवत कापतं. यात कमीपणा काही नाही, पण आईवडिलांना हे आधी ठाऊक असावं.

करार पक्का नसतो, हेही सांगून ठेवतो. संघ कधीही सोडू शकतो, ट्रेड करू शकतो. फ्लोरिडात भाड्याच्या घरात कपडे धुवायला टाकलेला मुलगा दुसऱ्या दिवशी आयडाहोच्या वाटेवर असतो. ब्रॅम्प्टनचा स्वतःचा ईसीएचएल संघ होता, तुम्ही कदाचित सामनेही पाहिले असतील. तो 2021 मध्ये बंद झाला. आता या लीगमध्ये कॅनडातला एकच संघ उरलाय, त्र्वा-रिव्हिएरचा. त्यामुळे कॅनडाच्या मुलाला जवळजवळ नक्कीच अमेरिकेत जावं लागतं. संघ पी-1, म्हणजे परदेशी खेळाडूला अमेरिकेत काम करू देणाऱ्या, दर्जासाठी अर्ज करतो, आणि तो दर्जा त्या संघातल्या कामाशी जोडलेला असतो. बाजूला दुसरी नोकरी करता येत नाही. संघ सुटला की तिथे राहण्याचा आधारही सुटायला लागतो.

आता माझ्या स्वतःच्या विषयावर येतो, शरीरावर. इथे थोडं जास्त लिहीन, कारण हे तुम्हाला कुणी सांगत नाही.

ईसीएचएलचा आठवडा शुक्रवार, शनिवार, रविवारभोवती फिरतो, कारण तिकिटं तेव्हाच विकली जातात. तीन दिवसांत तीन सामने, कधी तिन्ही वेगळ्या गावांत. सामना रात्री दहाला संपतो, बारापर्यंत बस निघते, बंकमध्ये झोपायचं, सकाळी नऊला पुढच्या गावात उतरायचं. तिसऱ्या दिवशी मी खेळाडूंच्या पायांवर हात ठेवला की स्नायू लाकडासारखे लागायचे. जांघेचे स्नायू आणि खुब्याचा सांधा हे तर स्केटिंगमुळेच झिजतात, त्यात झोपेची भर. खांदा, घोट्याच्या वरच्या भागाची मुरगळ, बोटं, दात हे नेहमीचंच.

पण मला भीती वाटायची ती लपवलेल्या दुखापतींची. ज्याचा करार फक्त ईसीएचएल संघाशी आहे त्याला माहीत असतं की आपण दोन आठवडे बसलो तर कोच दुसरा कुणी आणेल. म्हणून तो बोलत नाही. आमच्याकडे एका बचावपटूने डोक्याला बसलेला मार चार दिवस लपवला. त्याच्या रूममेटने मला हळूच सांगितलं की हा अंधारात बसतोय, फोनच्या उजेडाकडे बघवत नाही त्याला. मी त्याला बसवला. तो माझ्याशी तीन आठवडे बोलला नाही. कन्कशननंतर, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्यानंतर, पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती, मग एकेक पायरी, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि लक्षणं वाढली तर थांबून एक पायरी मागे. यात घाई करून चालत नाही, आणि त्या मुलाला मी पुन्हा खेळू दिलं असतं तर आज मी हे उत्तर लिहायला धजावलो नसतो.

दुसरा एक जण खांदा निखळायचा तो स्वतःच बसवून घ्यायचा. मला कळलं तेव्हा त्याला संघाने सोडलेलं होतं. खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च कामगार नुकसानभरपाईच्या विम्यातून निघतो, राज्याराज्यांचे नियम वेगळे असले तरी. पण नोंदच नसेल तर काय सिद्ध करणार? म्हणून मुलगा उद्या जावो की चार वर्षांनी, त्याच्याकडून एक वचन घ्या: लहानातली लहान दुखापत त्याच दिवशी ट्रेनरला सांगायची आणि लिहून घ्यायची. हंगामाआधी डोक्याची जी बेसलाइन चाचणी होते तिची प्रत स्वतःकडे ठेवायची. पीएचपीए ही खेळाडूंची संघटना एएचएल आणि ईसीएचएल दोन्हीकडच्या मुलांसाठी आहे; अडचण आली की कोचच्या आधी तिथे फोन करायचा. आणि मानेचं संरक्षक. 28 ऑक्टोबर 2023 ला इंग्लंडमध्ये शेफील्डच्या रिंकवर ॲडम जॉन्सनची मान स्केटच्या पात्याने कापली गेली आणि तो गेला. त्या आठवड्यात आमच्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. ज्या मुलांनी ज्युनिअर सुटताच गळ्यातलं संरक्षक काढून टाकलं होतं ते स्वतःहून मागायला आले. ओएचएलमध्ये तुमच्या मुलाला त्याची सवय आहेच. कुठल्याही लीगचा नियम काहीही असो, ते काढू देऊ नका.

तर ताई, माझं मत स्पष्ट आहे: हातात एनएचएल किंवा एएचएल संघाचा करार नसेल तर आधी विद्यापीठ. तिथे आठवड्याला दोन सामने असतात, बाकीचे दिवस सराव आणि वजनाचं काम. 21 वर्षांच्या विंगरचं शरीर त्या वेळापत्रकात जास्त चांगलं घडतं.

माझं मत कुठे बदलेल तेही सांगतो. एखाद्या एएचएल संघाने स्वतःचा करार दिला आणि मग ईसीएचएलला पाठवलं, तर गोष्ट वेगळी; तिथे वर कुणाला तरी त्याच्यात रस आहे. तो गोली असता तर मी जास्त विचार केला असता, कारण गोलींना व्हेटरनचा नियम नाही, आणि त्यांना पिकायला वर्षं लागतात. मात्र तिथेही वरच्या संघाने गोली पाठवला की स्थानिक गोलीला बॅग भरावी लागते. आणि मुलाला शिक्षणात खरोखरच रस नसेल, नुसती जागा अडवायला तो वर्गात बसणार असेल, तर जबरदस्तीने पाठवलेलं विद्यापीठही टिकत नाही. हे फक्त तुम्ही ओळखू शकता.

चार-पाच वर्षं वाया जातात का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. सात-आठ हजार प्रेक्षकांसमोर शनिवारी रात्री खेळणं, वीस जणांच्या घरात राहायला शिकणं, हे खरं आहे. ईसीएचएलनंतर युरोपचीही वाट आहे. ब्रिटनच्या एलिट लीगमधले बरेच संघ परदेशी खेळाडूला खेळता खेळता मास्टर्स करू देतात, फी संघ किंवा विद्यापीठ बघतं. आमच्याकडचा एक विंगर असाच ब्रिटनला गेला, दोन वर्षांत खेळलाही आणि एमबीएही झाला. पण मास्टर्सला आधी पदवी लागते. तो कॅनडातल्या विद्यापीठातून पदवी घेऊन आमच्याकडे आला होता म्हणून त्याला ते जमलं. मॅनिटोबाच्या त्या सेंटरलाही एका ब्रिटिश संघाने विचारलं होतं.

या आठवड्यात एवढं करा. मुलालाच ईसीएचएल कोचला फोन करू द्या, तुम्ही किंवा एजंटने नाही. त्याने सरळ विचारावं: वरच्या संघाकडून साधारण किती फॉरवर्ड येतात? माझ्यासारखे किती जण कॅम्पला बोलावलेत? गेल्या वर्षी कॅम्पला आलेल्यांपैकी ख्रिसमसला किती जण संघात होते? आणि शेवटी: मी विद्यापीठात जाऊन चार वर्षांनी आलो तर तुम्ही फोन उचलाल का? चांगला कोच या शेवटच्या प्रश्नावर रागावत नाही. ईसीएचएलचे कोच बहुधा स्वतःच खेळाडू शोधतात, करार करतात, प्रवासही ठरवतात. त्यांना नावं लक्षात ठेवायची सवय असते. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातले दोघे तर विद्यापीठातल्या मुलांच्या सामन्यांचे व्हिडिओ बसमध्ये रात्री बघत बसायचे.

तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय की तो मांस खात नाही, फक्त अंडी खातो, मग बाहेर त्याचं कसं होणार. अवघड नाही. सामन्यानंतर बसमध्ये बहुतेक पास्ता, पिझ्झा किंवा चिकन असतं. संघ कुठलाही असो, पहिल्याच दिवशी ट्रेनरला सांगितलं की वेगळा डबा मागवला जातो, मी कित्येकांसाठी मागवलाय. खरा प्रश्न सोमवार ते गुरुवारचा, अपार्टमेंटमधला. वरण-भात, उसळ, अंड्याची भुर्जी, दही एवढं त्याला जमलं तर प्रथिनांची आणि पिष्टाची बहुतेक सोय होते, आणि तीन सामन्यांनंतरच्या सोमवारी गरम खिचडीइतकं अंगी लागणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहातही हेच लागेल. कुकर लावायला त्याला याच उन्हाळ्यात शिकवा.